हिरवा पट्टा नेमके काय सांगतो?

प्रश्न : मी एका सहकारी पतसंस्थेत वरिष्ठ लिपिक आहे. संस्थेच्या संगणकप्रणालीचा, माझ्या बँकखात्याचा आणि ईमेलचा पासवर्ड मी एकाच धर्तीचा ठेवला आहे : मुलीचे नाव, त्यातले पहिले अक्षर मोठ्या लिपीत, पुढे ‘ॲट’चे चिन्ह आणि शेवटी तिचे जन्मवर्ष. सायबर फसवणुकीच्या बातम्या वाचून मी पासवर्डची मजबुती तपासणाऱ्या तीन साधनांत तो टाकून पाहिला. एकाने हिरवा पट्टा दाखवून ‘उत्तम’ म्हटले, दुसऱ्याने ‘मध्यम’ ठरवले आणि तिसऱ्याने तो फोडायला चारशे वर्षे लागतील असे सांगितले. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा? अशा ठिकाणी पासवर्ड लिहिणे सुरक्षित असते का? आमच्याकडे दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती आहे, तिचा काही उपयोग होतो का? आणि मुलगी सुचवते त्याप्रमाणे पासवर्ड देवनागरीतच ठेवला तर तो अधिक पक्का होईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या चार प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण त्यात आजच करण्याजोगे काम आहे. ज्या पासवर्डने तुम्ही खरोखर एखादे खाते उघडता तो, केवळ तपासण्यापुरतासुद्धा, अनोळखी संकेतस्थळावर लिहू नये. यांतली बरीचशी साधने सगळा हिशेब तुमच्या ब्राउझरमध्येच करतात आणि लिहिलेला मजकूर कोठेही पाठवत नाहीत. परंतु कोणते साधन असे वागते आणि कोणते नाही हे पानाकडे पाहून ओळखता येत नाही, आणि त्याच पानावर जाहिरातींचे किंवा वाचकसंख्या मोजणारे परके प्रोग्रॅम चालू असले तर पान तयार करणाऱ्याच्या सचोटीनेही प्रश्न पुरता सुटत नाही. तेव्हा तिन्ही पासवर्ड बदला आणि ते एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे ठेवा. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचा विसरलेला पासवर्ड ईमेलच्या आधारेच नव्याने ठरवता येतो, म्हणजे ज्याच्या हाती ईमेल गेले त्याच्या हाती हळूहळू सगळेच जाते. पुढे कधी एखादे साधन वापरून पाहायचेच असेल, तर त्याच घडणीचा पण खोटा पासवर्ड लिहावा : मुलीच्या नावाऐवजी तेवढ्याच अक्षरांचे दुसरे प्रचलित नाव आणि तिच्या जन्मवर्षाऐवजी दुसरे वर्ष. उत्तर जवळपास तेच मिळेल आणि गुपित तुमच्याकडेच राहील.

आता तीन साधनांनी तीन उत्तरे का दिली, याकडे वळते. हा अनुभव तुम्हा एकट्याचा नाही. कॅनडातील माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१४ मध्ये अनेक मोठ्या संकेतस्थळांवरचे मजबुतीदर्शक पट्टे एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा एके ठिकाणी कमकुवत ठरलेला पासवर्ड दुसरीकडे भक्कम ठरतो असे त्यांना वारंवार आढळले. याचे कारण असे की ही साधने एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि जे मोजतात ते काय आहे हे वापरणाऱ्याला सहसा सांगत नाहीत.

तुमच्या पहिल्या साधनाने बहुधा केवळ रूप पाहिले असावे. लहान अक्षर आहे का, मोठे आहे का, अंक आहे का, चिन्ह आहे का, एकूण अक्षरे आठाहून अधिक आहेत का, एवढीच त्याची विचारपूस असते. त्यामागचे गणित सोपे आहे. रोमन लिपीतील २६ लहान अक्षरे, २६ मोठी, १० अंक आणि कळफलकावरची ३३ चिन्हे मिळून ९५ पर्याय होतात, म्हणून आठ अक्षरांच्या पासवर्डचे ९५चा आठवा घात, म्हणजे सुमारे ६६ कोटी कोटी प्रकार संभवतात. हे गणित बरोबर आहे, पण ते ज्या गृहीतकावर उभे आहे ते चुकीचे आहे. प्रत्येक अक्षर चिठ्ठी काढल्यासारखे, आधीच्या अक्षराशी काहीही संबंध न ठेवता निवडले गेले असेल तरच तो आकडा लागू पडतो. मुलीचे नाव असे निवडलेले नसते. त्या नावाचे दुसरे अक्षर पहिल्याशी बांधलेले असते, मोठे अक्षर नेहमी सुरुवातीलाच येते, वर्ष शेवटीच येते आणि चिन्ह निवडायची वेळ आली की फार मोठ्या संख्येने लोक ‘ॲट’चेच चिन्ह निवडतात.

पासवर्ड फोडणारा माणूस हे सारे जाणतो. तो पहिल्या अक्षरापासून ओळीने सगळ्या शक्यता तपासत बसत नाही, तर जे आधी उघडकीस आले आहे तिथून सुरुवात करतो. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीकडून ३ कोटी २० लाख खात्यांचे पासवर्ड जसेच्या तसे, कोणत्याही आवरणाविना बाहेर पडले. ती यादी आजही पासवर्ड फोडण्याच्या कामात पायाभूत मानली जाते, आणि त्यानंतरच्या असंख्य गळत्यांची तिच्यात भर पडली आहे. हॅशकॅट आणि जॉन द रिपर ही पासवर्ड फोडणारी साधने अशा याद्यांतील प्रत्येक शब्दावर ठरावीक संस्कार करतात : पहिले अक्षर मोठे करणे, शेवटी वर्ष जोडणे, ‘ए’च्या जागी ‘ॲट’चे चिन्ह घालणे. आता तुमच्या धर्तीचा हिशेब करून पाहू. भारतीय नावांची, त्यांच्या रोमन लेखनातील भेदांसह, ५० हजारांची यादी घेतली, जन्मवर्षे १०० धरली आणि मधली चिन्हे १० धरली, तर एकूण शक्यता ५ कोटी होतात. सेकंदाला हजार कोटी अंदाज तपासणाऱ्या यंत्रणेला ५ कोटींसाठी सेकंदाचा शंभरावा भागही पुरेसा असतो. आणि मुलीच्या वाढदिवसाचे छायाचित्र नावासकट समाजमाध्यमावर असेल तर नाव शोधण्याचेही काम उरत नाही.

या संदर्भात एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण पतसंस्थेत काम करताना ती रोज तुमच्या हाताखालून जात असेल. आधार प्राधिकरणाकडून मिळणाऱ्या ई-आधारच्या पीडीएफला जो पासवर्ड असतो, तो नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष असा ठरलेला आहे, आणि हे प्राधिकरणानेच जाहीर केलेले आहे. आठ अक्षरे, त्यांत अक्षरेही आणि अंकही, म्हणून रूप पाहणारे साधन त्याला बरे गुण देईल. ज्याला सभासदाचे नाव माहीत आहे त्याच्यासाठी मात्र ती केवळ शंभरेक वर्षांची यादी आहे, आणि फाइल एकदा त्याच्या संगणकावर गेली की चुकीच्या प्रयत्नांनंतर त्याला थांबवणारेही कोणी नसते. सभासदांच्या अशा फाइली संस्थेच्या ईमेलमध्ये पडून असतील तर त्या पासवर्डच्या भरवशावर ठेवू नयेत. आणि लोकांनी हीच धर्ती आपल्या इतर खात्यांसाठी उचलू नये, हे सभासदांनाही आवर्जून सांगावे.

रूप पाहून गुण देण्याची ही पद्धत आली कोठून, हेही समजून घेण्यासारखे आहे. लोक सोपे पासवर्ड ठेवतात हे फार पूर्वी उघड झाले होते. बेल लॅब्जमधील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर अतिशय आखूड किंवा शब्दकोशात सहज सापडणारे असल्याचे दाखवले होते. त्यावरचा उपाय म्हणून पुढे अक्षर-अंक-चिन्हांची सक्ती रूढ झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेने तिला मोठे बळ दिले, आणि त्या मार्गदर्शिकेचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये एका वृत्तपत्राशी बोलताना त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेने आपली शिफारस बदलली, आणि २०२५ च्या आवृत्तीत तर अक्षरप्रकारांची अशी सक्ती करूच नये असे बजावले. केवळ पासवर्डवर उघडणाऱ्या खात्यासाठी किमान १५ अक्षरे असावीत आणि प्रत्येक नवा पासवर्ड गळालेल्या व प्रचलित पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहावा, असे आता तिचे म्हणणे आहे. आपल्याकडची कितीतरी संकेतस्थळे मात्र अजून २००३ मध्येच आहेत, आणि तुमचा हिरवा पट्टा हा त्याच काळाचा निवाडा आहे.

दुसरे साधन, ज्याने ‘मध्यम’ म्हटले, ते अधिक विचारी जातीचे असावे. या जातीतले सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे ड्रॉपबॉक्स कंपनीतील डॅन व्हीलर यांनी २०१२ मध्ये खुले केलेले झेडएक्ससीव्हीबीएन. त्याला अक्षरांच्या प्रकारांशी कर्तव्य नसते. ते पासवर्डचे तुकडे पाडते, त्यांत प्रचलित पासवर्ड, नावे, शब्दकोशातील शब्द, तारखा, कळफलकावर ओळीने येणारी अक्षरे सापडतात का ते पाहते आणि जाणकार हल्लेखोराला साधारण किती प्रयत्नांनंतर हा पासवर्ड सापडेल याचा अंदाज बांधते. त्या अंदाजावरून शून्य ते चार असे गुण दिले जातात. बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससी ही पासवर्ड सांभाळणारी साधनेही मजबुती दाखवण्यासाठी याच पद्धतीचा आधार घेतात. तपासणी साधनांतून एकच निवडायचे तर मी हेच निवडेन.

पण मराठी माणसाने त्याची एक मर्यादा नीट ध्यानात घेतली पाहिजे. मूळ झेडएक्ससीव्हीबीएनबरोबर येणाऱ्या याद्या इंग्रजी आहेत : इंग्रजी विकिपीडियातले शब्द, अमेरिकेच्या जनगणनेतली नावे आणि आडनावे, तिथल्या दूरचित्रवाणी मालिका व चित्रपटांतले शब्द. जो तुकडा या याद्यांत सापडत नाही, त्याच्या प्रत्येक अक्षरामागे ते दहा पर्याय धरते. समजा, कोणी ‘थालीपीठपुरणपोळी’ असा पासवर्ड रोमन लिपीत, १९ अक्षरांत ठेवला. त्यातले तुकडे साधनाला ओळखू आले नाहीत तर ते त्याची किंमत एकावर एकोणीस शून्ये एवढ्या प्रयत्नांची लावील आणि चारपैकी चार गुण देईल. मराठी जाणणाऱ्या हल्लेखोराच्या दृष्टीने मात्र ते दोन नेहमीचे शब्द आहेत. त्याने रोजच्या वापरातील १० हजार मराठी शब्दांची यादी करून दोन-दोन शब्दांच्या जोड्या तपासल्या तर त्या सगळ्या मिळून १० कोटी भरतात. रोमन लेखनातील दोन-चार भेद प्रत्येक शब्दाला धरले तरी हा आकडा काही पटींनी वाढेल, पण एकोणीस शून्यांच्या आसपासही जाणार नाही. म्हणजे साधनाने दिलेला वरचा गुण हा त्या शब्दांच्या मजबुतीचा नव्हे, तर साधनाच्या मराठीविषयीच्या अज्ञानाचा असतो. देवांची नावे, गावांची नावे, घोषणा, आरतीच्या ओळी या सगळ्यांना हीच गोष्ट लागू आहे.

तिसऱ्या साधनाने सांगितलेली चारशे वर्षे मला सर्वांत अधिक दिशाभूल करणारी वाटतात, कारण वर्षांत दिलेला आकडा ठोस वाटतो आणि माणूस निश्चिंत होतो. पासवर्ड किती काळ टिकेल हे केवळ पासवर्डवर अवलंबून नसते. हल्लेखोर तो कोठे आणि कसा तपासतो यावर ते अधिक अवलंबून असते. जबाबदार संकेतस्थळ तुमचा पासवर्ड आहे तसा साठवत नाही, तर त्याचा हॅश, म्हणजे ठरावीक गणिती प्रक्रियेने केलेले त्याचे रूपांतर, साठवते, आणि जसा पिठावरून पुन्हा गहू करता येत नाही तसा हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. हल्लेखोराला एकेक अंदाज घेऊन, त्याचा हॅश करून, चोरलेल्या हॅशशी जुळवून पाहावे लागते. हॅश करण्याची पद्धत मुद्दाम संथ ठेवली असेल, उदाहरणार्थ बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२, तर हे काम फार मंदावते. ती जलद असेल तर भराभर होते. लिंक्डइनकडून २०१२ मध्ये सुमारे ६५ लाख हॅश बाहेर पडले ते जलद पद्धतीचे होते, आणि हॅश करण्यापूर्वी पासवर्डला प्रत्येक खात्यासाठी वेगळी अक्षरे जोडण्याची साधी काळजीही घेतलेली नव्हती.

झेडएक्ससीव्हीबीएन म्हणूनच एक नव्हे तर चार कालावधी सांगते : ताशी १०० प्रयत्नांचे बंधन असलेले संकेतस्थळ, सेकंदाला १० प्रयत्न करू देणारे संकेतस्थळ, संथ हॅशवर सेकंदाला १० हजार प्रयत्न आणि जलद हॅशवर सेकंदाला हजार कोटी प्रयत्न. आता हजार कोटी प्रयत्नांत सापडणारा पासवर्ड घ्या. पहिल्या परिस्थितीत तो सुमारे ११ हजार ४०० वर्षे टिकतो आणि शेवटच्या परिस्थितीत एक सेकंद. पासवर्ड तोच, अक्षरेही तीच. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या साधनाचा सर्वोच्च गुण नेमका याच टप्प्यापासून, म्हणजे हजार कोटी प्रयत्नांपासून पुढे मिळू लागतो. संथ हॅश वापरणाऱ्या ठिकाणी तो गुण योग्य आहे. पण तुमच्या संस्थेच्या प्रणालीत कोणता हॅश वापरला आहे, किंवा हॅश वापरला आहे की नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि साधनालाही ठाऊक नाही. अशा वेळी परिस्थिती न सांगता नुसती वर्षे सांगणारे साधन बाजूला ठेवलेलेच बरे.

एक तपासणी मात्र मी प्रत्येकाला करायला सांगते, आणि ती मजबुतीची नसून गळतीची आहे. ऑस्ट्रेलियातील ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेत, निरनिराळ्या गळत्यांतून बाहेर आलेल्या पासवर्डांचा प्रचंड संग्रह आहे. तिची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. तुमच्या पासवर्डचा ४० अंकांचा (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत लिहिलेला) हॅश तुमच्याच संगणकावर तयार होतो, त्यातले केवळ पहिले पाच अंक सेवेकडे जातात, सेवा त्या पाच अंकांनी सुरू होणारे सगळे हॅश परत पाठवते आणि तुमचा हॅश त्यांत आहे का हे तुमचाच संगणक पाहतो. पहिल्या पाच अंकांचे एकूण १०,४८,५७६ गट होतात, म्हणून सेवेला केवळ गट कळतो, पासवर्ड कळत नाही. तरीही सुरुवातीला सांगितलेला नियम मोडून तिथल्या रकान्यात पासवर्ड लिहिण्याची गरज नाही. कीपासएक्ससी, बिटवॉर्डन यांसारख्या साधनांत ही तपासणी आतूनच करता येते, आणि क्रोम व ॲपलच्या पासवर्ड-व्यवस्थेतही गळालेल्या पासवर्डांची सूचना देण्याची सोय आहे. यादीत पासवर्ड सापडला तर तो त्याच दिवशी बदलायचा, मग हिरव्या पट्ट्याने काहीही म्हटलेले असो. न सापडला तर त्याचा अर्थ एवढाच की तो अजून या संग्रहात आलेला नाही.

मजबुतीचा पट्टा आणखी एक गोष्ट कधीच पाहू शकत नाही, ती म्हणजे तोच पासवर्ड तुम्ही आणखी कोठे वापरता. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून ईमेल आणि पासवर्ड गळाला की तीच जोडी बँकांच्या आणि ईमेलच्या दारांवर यंत्राने लावून पाहिली जाते. तिथे पासवर्डच्या लांबीचा काहीच उपयोग होत नाही. तुमच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका मला हाच दिसतो.

म्हणून माझे सांगणे असे आहे की, पासवर्ड आधी सुचवून मग मोजण्याऐवजी, मजबुती आधीच ठाऊक असेल अशा रीतीने तो तयार करावा. अनेक खात्यांसाठी हे काम पासवर्ड सांभाळणाऱ्या साधनाकडे सोपवावे. ते प्रत्येक खात्यासाठी वीस अक्षरांचा, अर्थहीन, वेगळा पासवर्ड तयार करते आणि लक्षातही ठेवते. मग तुम्हाला पाठ करावा लागतो तो केवळ त्या साधनाचा मुख्य पासवर्ड, आणि त्यासाठी फाशांची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ती मांडली. ७,७७६ शब्दांची क्रमांकित यादी घ्यायची, पाच फासे टाकून जो क्रमांक येईल तो शब्द लिहायचा, आणि असे काही शब्द एकापुढे एक ठेवायचे. मराठी शब्द हवे असतील तर घरीच १,२९६ शब्दांची यादी करता येईल. त्यासाठी चार फासे पुरतात, कारण सहाचा चौथा घात १,२९६ होतो. मुलीला बरोबर घेऊन एका रविवारी हे काम होईल. शब्द साधे, वेगळे ओळखू येणारे आणि रोमन लिपीत एकाच रीतीने लिहिता येतील असे निवडावेत.

या पद्धतीचे गणित हल्लेखोराला तुमची यादी आणि पद्धत दोन्ही ठाऊक आहेत असे धरूनच करायचे असते, आणि तिचे खरे सामर्थ्य तेच आहे. १,२९६ शब्दांतून पाच शब्द निवडले तर सुमारे साडेछत्तीस कोटी कोटी शक्यता होतात, ज्या सगळ्या तपासायला संथ हॅशवर साडेअकरा हजार वर्षांहून अधिक काळ लागेल, पण जलद हॅशवर चारच दिवस. सहा शब्दांना जलद हॅशवर सुमारे १५ वर्षे आणि सात शब्दांना सुमारे १९ हजार वर्षे. मुख्य पासवर्डसाठी सात शब्द घ्या. त्यांतला एखादा शब्द आवडला नाही म्हणून बदलू नका आणि वाक्य जुळावे म्हणून क्रम फिरवू नका, कारण आवडनिवड मध्ये आली की वरचे गणित लागू राहत नाही. पहिले काही दिवस ते शब्द कागदावर लिहून घरातल्या कपाटात ठेवायला माझी हरकत नाही, कारण कराडमधल्या तुमच्या कपाटापर्यंत परदेशातला हल्लेखोर पोहोचत नाही. कार्यालयातल्या टेबलाच्या काचेखाली मात्र तो कागद ठेवू नये. बँक आणि ईमेल या दोन खात्यांना दुहेरी पडताळणी चालू करा. खोट्या पानावर फसून पासवर्ड आपल्याच हाताने दिला गेला, तर त्याच्या मजबुतीपेक्षा ही दुसरी पायरीच कामाला येते. मात्र तिथे येणारा ओटीपी कोणालाही सांगायचा नाही.

देवनागरी पासवर्डची मुलीची सूचना कल्पक आहे, पण मी ती स्वीकारणार नाही. काही प्रणाली देवनागरी अक्षरे घेतच नाहीत, आणि ज्या घेतात तिथे वेगळीच अडचण येते. ‘ॲ’ हे अक्षर एका कळफलकावरून एकच चिन्ह म्हणून उमटते आणि दुसऱ्यावरून ‘अ’ आणि त्यावरचा चंद्र अशी दोन चिन्हे मिळून. डोळ्यांना ते सारखेच दिसते, परंतु संगणकाला ते दोन वेगळे मजकूर वाटतात, आणि नव्या फोनवरून तुमचा बरोबर पासवर्ड चुकीचा ठरतो. शिवाय देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना-मात्रांनाही, साठवणीत तीन बाइट लागतात. बीक्रिप्ट पहिल्या ७२ बाइटांपलीकडचा मजकूर विचारात घेत नाही, म्हणून काना-मात्रा धरून २४ चिन्हांनंतर तुम्ही काय लिहिले याला तिथे काहीच महत्त्व राहत नाही. भाषा मराठीच ठेवा, लेखन साध्या रोमन अक्षरांत करा.

राहिला ४५ दिवसांचा नियम. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये, सक्तीने बदलाव्या लागणाऱ्या पासवर्डांचा अभ्यास केला. जुना पासवर्ड हाती असेल तर ४१ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड काही सेकंदांत शोधता येतो, आणि १७ टक्के खात्यांत तर पाचांहून कमी प्रयत्न पुरतात, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे : कंटाळलेला माणूस शेवटचा अंक एकाने वाढवतो आणि कामाला लागतो. पासवर्ड गळाल्याचा पुरावा किंवा संशय असेल तेव्हाच तो बदलायला लावावा, असे आता जाणकारांचे मत आहे आणि माझेही तेच आहे. परंतु तुमच्या संस्थेत ही अट लेखापरीक्षणातून किंवा प्रणालीच्या कंत्राटातून आलेली असू शकते, म्हणून ती असेपर्यंत पाळा. फक्त प्रत्येक वेळी पासवर्ड साधनाकडून पूर्ण नवा घ्या, जुन्याची डागडुजी करू नका.

दरम्यान व्यवस्थापकांच्या मार्फत प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला दोन प्रश्न विचारा. आमचे पासवर्ड कोणत्या हॅशपद्धतीने साठवले जातात, आणि नवा पासवर्ड ठरवताना तो गळालेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहिला जातो का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात बीक्रिप्ट, एसक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांपैकी एखादे नाव यायला हवे. ‘पासवर्ड विसरलात तर आम्ही तो काढून देऊ’ असे उत्तर आले, तर पासवर्ड जसेच्या तसे, किंवा परत उलगडता येतील अशा रीतीने साठवलेले आहेत असे समजावे आणि तो विषय संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत ठेवावा. दोन्ही उत्तरे लेखी मागा.